मागच्या सीटवरचा शूटिंगवाला

पूर्णा तालुक्यात लगीनसराई सुरू झाली की परण्याच्या पुढे एक स्कूटी हमखास दिसते. चालवणारा गाडी हळूहळू पुढे काढत असतो आणि मागे एकजण उलटीकडे तोंड करून बसलेला असतो. त्याच्या दोन्ही हातांत गिंबल, गिंबलवर कॅमेरा आणि नजर स्क्रीनवर. उलटं बसल्यामुळे फूटरेस्ट पायाखाली नीट येत नाही, पाय लोंबकळत राहतात. हात गुंतलेले असल्याने धरायला काही नसतं. डोक्यावर हेल्मेट नसतं, कारण लग्नात ते घालायची रीत नाही. दुसऱ्या दिवशी हाच माणूस दुसऱ्या जोडप्याच्या प्री-वेडिंगसाठी नांदेड रस्त्याला असतो. तिथे वेग वाढलेला असतो, शेजारी बुलेटवर नवरा-नवरी असतात आणि मागून उसाच्या ट्रॉल्या येत असतात.

चालत्या दुचाकीवरून स्थिर कॅमेऱ्याने चित्रण करणं हा प्रकार आपल्याकडे गेल्या काही वर्षांत इतका रुळला आहे की त्यात धोका आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. निवडणुकीची रॅली असो, जयंतीची मिरवणूक असो, गणेश विसर्जन असो, नव्या ट्रॅक्टरची गावातली फेरी असो, सगळीकडे हेच चित्र. यावर बोलणं झालंच तर ते ‘रील्सच्या नादी लागलेली पोरं’ या एका वाक्यात संपतं. मला ते पुरेसं वाटत नाही. मागच्या सीटवर बसलेला बहुतेक वेळा नादी लागलेला पोरगा नसतो, तो रोजीवर काम करणारा कारागीर असतो. त्याच्या हातातलं यंत्र, त्याच्याखालची गाडी, त्याला लागू होणारा कायदा आणि जगभर याच कामात झालेल्या चुका यांचा एकत्र विचार केला, तर पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. माझं मत आधीच सांगतो: गाडी चालवणाऱ्याने कॅमेऱ्याला हात लावू नये, कॅमेरा धरणाऱ्याने गाडी चालवू नये, आणि या दोघांनी मिळून जो वेग दाखवायचा आहे तो बहुतेक वेळा प्रत्यक्ष गाठण्याची गरजच नसते.

आधी यंत्र. गिंबलला तीन मोटारी असतात. एक कॅमेऱ्याचं डावी-उजवीकडे वळणं सांभाळते, एक वर-खाली झुकणं आणि एक आडवं कलणं. आतले सेन्सर कॅमेरा किती कलला हे सेकंदाला शेकडो वेळा मोजतात आणि मोटारी तेवढंच उलट वळण देतात. म्हणून हात थरथरला तरी चित्र हलत नाही. २०१३ मध्ये फ्रीफ्लाय कंपनीचा मोवी आला, २०१४ मध्ये डीजेआयचा रोनिन आला आणि २०१८ च्या सुमारास एका हातात मावणारे गिंबल स्वस्त झाले. त्यानंतर तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओतही ते पोचले. त्याच वर्षी गोप्रोच्या हिरो ७ मध्ये हायपरस्मूथ आलं, म्हणजे गिंबलशिवायच चित्र स्थिर करण्याची सोय झाली.

पण गिंबल फक्त कलणं आणि वळणं सांभाळतो. संपूर्ण कॅमेरा वर उचलला गेला किंवा खाली आदळला तर तो काही करू शकत नाही. गाडी खड्ड्यात गेली की कॅमेरा सरळच राहतो, पण तो सरळच्या सरळ चार बोटं खाली जातो आणि चित्राला हिसका बसतो. जमिनीवर चालणारा शूटिंगवाला हा हिसका गुडघ्यांत जिरवतो. डोक्यावर घागर घेऊन नदीवरून येणारी बाई पाण्याचा थेंब सांडू देत नाही, तशीच ही चाल असते. गुडघे किंचित वाकलेले, टाच आधी टेकलेली, कंबर स्थिर. सिनेमात अंगावर बांधून वापरतात त्या मोठ्या स्टेडिकॅमला त्यासाठी स्प्रिंगचा हात असतो. आपल्याकडच्या हातातल्या गिंबलला तो नसतो, म्हणून दुचाकीवरचा माणूस स्वतःच स्प्रिंग होतो. तो सीटवरून उठतो, फूटरेस्टवर अर्धवट उभा राहतो, मांड्या सैल सोडतो. चित्र सुंदर येतं. पण त्याला गाडीशी जोडून ठेवणाऱ्या दोनच गोष्टी होत्या, बैठक आणि मांड्यांची पकड, आणि त्याच त्याने सोडून दिलेल्या असतात. यंत्राची उणीव माणसाच्या शरीराने भरून काढायची हीच या कामातली खरी जोखीम आहे, आणि ती स्क्रीनवर दिसत नाही. स्क्रीनवर सगळं शांत असतं. खालचा रस्ता किती खराब आहे हे सांगणारा हादराच गिंबलने पुसून टाकलेला असतो.

उलटं बसण्याचा धोका तर फार थोडे लोक नीट समजून घेतात. नेहमीसारखं पुढे तोंड करून बसलेला माणूस ब्रेक लागल्यावर पुढे जातो आणि चालकाच्या पाठीवर टेकतो. गाडी एकदम सुटली तर मागे जातो, पण त्याचे हात चालकाच्या खांद्यावर किंवा मागच्या कड्यावर असतात. उलटं बसलेल्याचं तसं नसतं. ब्रेक लागला तर त्याची पाठ चालकाच्या पाठीला टेकते, त्यात फारसं भय नाही. भय आहे ते ॲक्सिलरेटरचं. गाडी झटक्याने सुटली की ती त्याच्याखालून निघून जाते आणि तो तोंडावर पडतो, तेही ज्या मिरवणुकीचं चित्रण चाललं आहे तिच्याच पुढ्यात. नाचणाऱ्यांच्या पायांखाली, घोड्याच्या टापांखाली, डीजेच्या गाडीच्या चाकांपुढे. इलेक्ट्रिक स्कूटीवर हे अधिक सहज घडतं, कारण तिची मोटार जागेवरूनच पूर्ण जोर लावते आणि सुटण्यापूर्वी इंजिनाचा आवाज चढत नाही. मागच्याला सावध व्हायला तेवढीही सूचना मिळत नाही.

‘एवढ्या हळू चालवतो, काय होणार आहे?’ हा प्रश्न या कामात सगळ्यात जास्त ऐकू येतो. उत्तर साध्या गणितात आहे. मागे बसलेल्या माणसाचं डोकं रस्त्यापासून सुमारे दीड मीटर उंच असतं. गाडी जागेवर उभी असली आणि माणूस मागच्या मागे कोसळला, तरी डोकं जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी जवळजवळ २० किलोमीटर असतो. सिमेंटच्या रस्त्याला तेवढं पुरे आहे. गाडीचा वेग त्यात आणखी मिसळतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत दुचाकीवरची ४४.५ टक्के होती. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा मृत्यू नोंदला गेला आणि त्यांतले १४,३३७ मागे बसणारे होते. हेल्मेट घातलं तर कॅमेऱ्यात बघता येत नाही, ही सबब जुन्या काळी खरी असेल, जेव्हा डोळा भिंगाला लावावा लागे. गिंबलवर काम करणारा स्क्रीनच बघतो. पुढून उघडं असलेलं आयएसआय चिन्हाचं हेल्मेट घालून ती व्यवस्थित दिसते.

या कामाचा इतिहास फार उद्‌बोधक आहे, कारण पहिल्या पिढीच्या लोकांनी वेग न गाठता वेग कसा दाखवायचा हे तेव्हाच शोधून ठेवलं होतं. स्टेडिकॅम बनवला अमेरिकेतल्या गॅरेट ब्राउन यांनी. १९७६ मध्ये तो ‘बाउंड फॉर ग्लोरी’ आणि ‘रॉकी’ या चित्रपटांत दिसला. स्टॅन्ली कुब्रिकच्या १९८० च्या ‘द शायनिंग’मध्ये एक छोटा मुलगा तीनचाकीवर रिकाम्या हॉटेलच्या बोळांमधून फिरतो आणि कॅमेरा जमिनीलगत त्याचा पाठलाग करतो. त्यासाठी कॅमेरा एका खास चाकांच्या खुर्चीवर बसवून ती खुर्ची माणसांनी ढकलली होती. माणसं आणि सामान यांचं वजन वाढत गेलं, एक टायर फुटला आणि त्यानंतर भरीव टायर बसवण्यात आले. म्हणजे स्टुडिओच्या गुळगुळीत फरशीवर, माणसाने ढकललेल्या खुर्चीवरसुद्धा चाकाने दगा दिला. आपण तेच काम डांबर उखडलेल्या रस्त्यावर इंजिनाच्या गाडीवरून करतो.

त्याहून मोलाचा धडा १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’चा. त्यात जंगलातून सुसाट जाणाऱ्या हवाई दुचाकींचा पाठलाग आहे. झाडं अक्षरशः अंगावर येतात. ते चित्रण गॅरेट ब्राउन यांनी कॅलिफोर्नियाच्या रेडवूडच्या जंगलात स्टेडिकॅम घेऊन पायी चालत केलं. कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी सुमारे पाऊणच फ्रेम टिपत होता. ते २४ च्या गतीने दाखवलं की वेग ३२ पट होतो. ताशी ५ किलोमीटरची चाल पडद्यावर ताशी १६० किलोमीटर दिसते. आज कोणत्याही साध्या मोबाईलमध्ये टाइमलॅप्स असतं, कॅमेऱ्यात फ्रेमचा दर बदलता येतो. रिकाम्या रस्त्यावरून गाडी भरधाव गेल्याचं दाखवायचं असेल तर ताशी १५ च्या वेगाने चालवून, कमी दराने टिपून ते दाखवता येतं. आणि लग्नाच्या व्हिडिओत तर नाच, अक्षदा, नवरीचं हसणं हे सगळं शेवटी स्लो मोशनमध्येच जातं. ज्याची गती पुढे संगणकावर कमीच करायची आहे, त्याच्यासाठी रस्त्यावर जीव धोक्यात घालण्याला काहीच अर्थ उरत नाही.

मोठ्या, शिस्तीच्या, कोट्यवधींच्या बंदोबस्तातही हे काम कसं फसतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २७ ऑगस्ट २०१५ चं. बीजिंगच्या जागतिक मैदानी स्पर्धेत उसेन बोल्टने २०० मीटरची शर्यत जिंकली आणि तो प्रेक्षकांना हात करत ट्रॅकच्या कडेने चालला होता. मागून एक कॅमेरामन सेगवेवर उभा राहून त्याचं चित्रण करत होता. सेगवे म्हणजे शरीर पुढे झुकवलं की चालणारी, मागे घेतलं की थांबणारी दोन चाकांची विजेची गाडी. या कामासाठी ती लोकप्रिय झाली, कारण दोन्ही हात कॅमेऱ्याला मोकळे राहतात. ट्रॅकच्या कडेला दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी टाकलेला रूळ होता. सेगवेचं चाक त्याला लागलं, गाडी उलटली आणि कॅमेरामन मागून बोल्टच्या पायांवर जाऊन पडला. जगातला सर्वांत वेगवान माणूस पाठीवर आडवा झाला. सुदैवाने दोघेही उठून चालते झाले. तिथे रस्ता सपाट होता, वाहतूक नव्हती, कॅमेरामन सराईत होता. चूक एवढीच की जो गाडी चालवत होता तोच कॅमेऱ्यातून बघत होता. त्याची नजर बोल्टवर होती, चाकापुढच्या जमिनीवर नव्हती. माझ्या मते हा सगळा प्रश्न त्या एका प्रसंगात सामावलेला आहे.

सायकल शर्यतींमध्ये ही चूक फार आधी सुधारली गेली. टूर द फ्रान्सच्या थेट प्रक्षेपणात मोटारसायकलवर नेहमी दोघं असतात. चालक फक्त चालवतो, मागचा फक्त चित्रित करतो, आणि चालक शर्यतीतल्या हालचालींचा जाणकार असतो. तरीही १४ जुलै २०१६ रोजी मों व्हाँतूच्या चढावर गर्दीने रस्ता अडवला, टीव्हीची मोटारसायकल थांबली आणि तिच्यावर रिची पोर्ट, ख्रिस फ्रूम असे आघाडीचे सायकलपटू आदळले. पिवळी जर्सी घातलेला फ्रूम सायकल मोडल्याने काही अंतर पायी धावला. श्रम वाटून घेतले तरी गर्दीचा हिशेब राहतोच, हे त्यातून दिसलं. आपल्या मिरवणुकीत तर गर्दी हाच मुख्य विषय असतो.

आपल्याकडचे प्रसंग जास्त करुण आहेत, कारण तिथे शिकलेली यंत्रणाच नव्हती. मे २०२३ मध्ये देहरादूनचा एक तरुण युट्यूबर यमुना एक्स्प्रेसवेवर मोटारसायकलचा वेग ताशी ३०० पर्यंत नेण्याच्या प्रयत्नात गेला. जून २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सुलीभंजनच्या दत्तधाम परिसरात मित्र मोबाईलवर चित्रण करत असताना कार मागे घेणारी, गाडी चालवायला नवखी तरुणी गाडीसह दरीत कोसळली. त्या दुसऱ्या घटनेत चालवणारा आणि चित्रण करणारा वेगळे होते. तरीही घात झाला, कारण गाडी चालवायला शिकणं आणि कॅमेऱ्यासमोर दिसणं या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी चालल्या होत्या. म्हणून माझ्या मते ‘दोन माणसं’ हा नियम पुरेसा नाही. चालवणारा माणूस त्या वेळी कॅमेऱ्याच्या चौकटीत असू नये, हेही त्यात धरलं पाहिजे. प्री-वेडिंगमध्ये बुलेट चालवणारा नवरदेव नेमका चौकटीत असतो. तो रस्त्याकडे बघेल की कॅमेऱ्याकडे? ताशी ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. दोन सेकंद कॅमेऱ्याकडे बघून हसलं की २२ मीटर रस्ता न बघता कापला गेला. नोव्हेंबर ते मार्च या गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली किती अंतरावरून दिसते, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. हे दृश्य हवंच असेल तर बुलेट स्टँडवर उभी करून, कॅमेरा तिच्याभोवती फिरवून घ्यावं. पार्श्वभूमीला उसाचं शेत तसंच दिसतं.

कायद्याकडे वळतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि त्याची मोठी दुरुस्ती २०१९ ची. कलम १८४ प्रमाणे चालवताना हातातलं संपर्क साधन वापरणं हे धोकादायक चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १ ते ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. २०२० च्या नियमदुरुस्तीने मोबाईलला एकच सवलत दिली, रस्ता शोधण्यासाठी, आणि तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. मोबाईल गिंबलवर लावून एका हाताने गाडी चालवणं या सवलतीत बसत नाही. कलम १२८ म्हणतं की दुचाकीवर चालकामागे एकच माणूस, आणि तोही पक्क्या बसवलेल्या सीटवर बसूनच. म्हणजे फूटरेस्टवर उभं राहून चित्रण करणं आणि चालक, शूटिंगवाला व लाइट धरणारा असे तिघं एका स्कूटीवर बसणं, दोन्ही बेकायदा. त्याला कलम १९४ क खाली १ हजार रुपये दंड आणि लायसन्स ३ महिने बाद. हेल्मेट नसेल तर १९४ ड खाली तेवढंच. मदतनीस म्हणून अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली तर कलम १९९ अ खाली पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. कमी ताकदीची, ताशी २५ किलोमीटरच्या आतली इलेक्ट्रिक स्कूटी कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहन ठरत नाही, तिला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. म्हणून ती बिनधास्त पोराच्या हाती दिली जाते. डोकं आपटण्याचं गणित मात्र तिलाही तेच लागू आहे.

कायद्यात एक उणीव आहे. मागे बसून चित्रण करणाऱ्यासाठी त्यात वेगळा शब्द नाही. उलटं बसावं की सुलटं, हेही कुठे थेट लिहिलेलं नाही. सीट, कडं, फूटरेस्ट, साडी अडकू नये म्हणून लावलेली जाळी, सगळी रचना मात्र पुढे तोंड करून बसणाऱ्याला धरून केलेली आहे. चलान बहुतेक वेळा चालकाच्या नावाने निघतं, अपघातात कुणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाचा जाबही त्यालाच द्यावा लागतो. जबाबदारी त्याची असेल तर शेवटचा शब्दही त्याचाच हवा. प्रत्यक्षात स्टुडिओचा मालक मागे बसलेला असतो आणि चालवणारा त्याचा नवशिका पोरगा असतो. ‘घे पुढं, अजून पुढं’ हा हुकूम मागून येतो. हा उलटा कारभार बदलल्याशिवाय बाकी सगळं वरवरचं ठरेल.

एकट्याने गाडी चालवत प्रवासाचं चित्रण करणाऱ्यांसाठी थोडक्यात. २०२२ मध्ये केरळच्या मोटार वाहन खात्याने हेल्मेटवर कॅमेरा लावायला बंदी केली. त्यामागचं तत्त्व समजण्यासारखं आहे. हेल्मेटचं कवच गुळगुळीत आणि गोल असतं, कारण पडल्यावर ते रस्त्यावरून घसरलं पाहिजे. बाहेर आलेला कॅमेरा कशाला अडकला तर मान पिरगळते. त्यापेक्षा छातीवरच्या पट्ट्याला कॅमेरा लावणं बरं. हँडलला मोबाईल लावणाऱ्यांनी ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये दिलेली सूचना लक्षात ठेवावी: ताकदीच्या मोटारसायकल इंजिनाच्या कंपनांनी फोनमधली चित्र स्थिर ठेवणारी आणि फोकस करणारी यंत्रणा कालांतराने बिघडू शकते. कॅमेरा कुठेही लावा, पण निघण्यापूर्वी सुरू करा आणि गाडी थांबल्यावरच त्याला हात लावा.

पूर्णेच्या बाबतीत रेल्वेचा विषय टाळता येत नाही. हे जंक्शनचं गाव. परभणी, नांदेड आणि अकोला अशा तिन्ही दिशांना इथून गाड्या सुटतात. अकोल्याकडची मीटर गेज जाऊन २००८ मध्ये ब्रॉड गेज आली. रूळ, पूल, सिग्नल, लांबवर जाणारी लाइन हे सगळं कॅमेऱ्यात फार देखणं दिसतं आणि म्हणूनच लोक मोटारसायकल थेट रुळांजवळ नेतात. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्याबद्दल रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १ हजार रुपये दंड होऊ शकतो. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. २० फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ‘मिडनाइट रायडर’ या चित्रपटाचं युनिट रेल्वेच्या पुलावर परवानगीविना चित्रण करत होतं. रुळांवर एक लोखंडी पलंग ठेवला होता. मालगाडी आली, पळायला जागा अपुरी पडली आणि सारा जोन्स ही २७ वर्षांची कॅमेरा सहायक ठार झाली. दिग्दर्शकाने गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला. ते व्यावसायिक युनिट होतं, तरी ‘दोनच मिनिटं’ हा हिशेब चुकला. गाडी किती वाजता येणार हे पूर्णेत सगळ्यांना माहीत असतं, मालगाडी मात्र वेळापत्रकात नसते. शिवाय विजेवरच्या मार्गात वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. गिंबल काठीवर लावून पुलावरून उंच धरणाऱ्याला तार शिवायचीही गरज नाही, जवळ गेलं तरी झटका बसतो.

मग काम करायचं कसं? मिरवणुकीसाठी माझी पहिली शिफारस म्हणजे गाडी सोडून चालणं. मिरवणूक चालते ती माणसाच्या पावलाने, तिच्यापुढे गाडी हवीच कशाला? सिनेमाच्या युनिटमध्ये स्टेडिकॅमवाला मागे चालत असताना त्याच्या पट्ट्याला धरून एकजण सोबत असतो. तो खड्डा, दगड, उंचवटा बघतो आणि दोन बोटांच्या दाबाने त्याला दिशा देतो. आपल्या शूटिंगवाल्यालाही असा पाठराखा हवा. एका पोराची रोजी वाढेल, पण स्कूटीचं पेट्रोल वाचेल आणि चित्रही चांगलं येईल, कारण आधी सांगितलेला हिसका चालणाऱ्या गुडघ्यांत जिरतो. पाठराख्याशिवाय मागे चालणंही धोक्याचंच आहे, त्यात गटारी आणि मंडपाचे दोर येतात. दुसरा मार्ग म्हणजे एका ओट्यावर उभं राहून मिरवणूक समोरून जाऊ देणं. ड्रोन हा तिसरा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला नोंदणी लागते, उड्डाणाला मनाई असलेले भाग नकाशावर आधी बघावे लागतात, आणि घोडा ड्रोनच्या आवाजाने बिथरतो. त्यामुळे नवरदेव घोड्यावर असताना ड्रोन खाली आणूच नये.

गाडी अपरिहार्यच असेल, म्हणजे एखाद्या मोकळ्या रस्त्यावर प्रवासाचं दृश्य हवं असेल, तर रस्ता आधी रिकाम्या हातांनी एकदा फिरून बघावा. मागच्याने पुढे तोंड करून बसावं, शरीर कंबरेतून वळवून बाजूला चित्रण करावं, एक हात कड्यावर ठेवावा. एका हाताने अडीच-तीन किलोचा कॅमेरा पेलत नसेल तर लहान कॅमेरा घ्यावा. गिंबलचा पट्टा मनगटात असावा, गळ्यात नाही. पडताना गळ्यातला पट्टा गळाच आवळतो. खाणाखुणा आधी ठरवून घ्याव्यात. खांद्यावर एक थाप म्हणजे थांब, बाकी काही बोलायचं नाही. गिंबल थरथरला, मोटार तापली, कॅमेरा घसरला तर त्याच्याकडे बघायचं नाही, आधी गाडी थांबवायची. वेग ताशी २० च्या वर नाही, आणि संध्याकाळी उजेड कमी झाला की काम बंद. ओढणी, शेला, फेट्याचा शेमला मागच्या चाकापासून दूर. मालवाहू पिकअपच्या हौद्यात बसून चित्रण करणं पुष्कळांना सुरक्षित वाटतं, पण मालवाहू गाडीत माणसं बसवणं बेकायदा आहे आणि ब्रेक लागल्यावर त्या हौद्यात धरायला काही नसतं.

शेवटी पैशाचा मुद्दा. गावातल्या शूटिंगवाल्याला ना पगारी रजा, ना अपघाती रजेचा पगार. हंगाम मोडका हात घेऊन काढता येत नाही. कॅमेऱ्याचा हप्ता मात्र दर महिन्याला द्यावाच लागतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये बँक खात्यातून कापले जातात आणि अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. स्टुडिओच्या मालकांनी आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराचा हा अर्ज स्वतः भरून घ्यावा. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला पहिल्या ७ दिवसांत दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजना लागू आहे, हेही ठाऊक असू द्यावं. आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक.

लग्नघरातल्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. ऑर्डर देताना ‘गाडीवरून शूटिंग पाहिजे’ हा हट्ट धरू नका. धरलाच तर गाडी कोण चालवणार, त्याला लायसन्स आहे का, मागच्याच्या डोक्यावर हेल्मेट असणार का, हे तीन प्रश्न दराच्या आधी विचारा. उत्तर मिळालं नाही तर पाठराख्याची रोजी तुम्ही द्या आणि शूटिंगवाल्याला चालू द्या.